घटाची माती आणि द्रौपदीचा प्रश्न

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. बदनापूर परिसरातील शेतकरी कुटुंबांत या विधीचा आरंभ देवघरात होत नाही, तो शेताच्या बांधावर होतो. घरची गृहिणी सकाळीच वावरात जाते, चांगल्या जागेची काळी माती दुरडीत भरून आणते आणि ती निवडून, चाळून घेते. पत्रावळीवर त्या मातीचा थर, त्यात पेरलेले सप्तधान्य, मध्यभागी पाण्याने भरलेला घट, त्यावर विड्याची पाने आणि नारळ अशी शक्तीची स्थापना होते. नऊ दिवस नंदादीप तेवत राहतो, रोज एक माळ चढते आणि दसऱ्याला त्या मातीतून वर आलेले पिवळसर कोंब पुरुषमंडळी मोठ्या अभिमानाने टोपीत खोवतात. माती आणणारे, धान्य पेरणारे आणि नऊ दिवस पाणी घालणारे हात मात्र स्त्रीचे असतात.

मराठवाड्याची ही भूमी तर आदिशक्तीचीच भूमी होय. साडेतीन पीठांपैकी तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही दोन पूर्ण पीठे येथेच नांदतात. अंबाजोगाईची योगेश्वरी ही असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी आहे. आपल्या जालना जिल्ह्यात अंबडच्या मत्स्याकृती टेकडीवर मत्स्योदरी देवी विराजमान आहे आणि नवरात्रात तिच्या पायऱ्या भाविकांनी फुलून जातात. ज्या प्रांतात देवीचा एवढा जागर होतो, त्या प्रांतात स्त्रीच्या सन्मानाविषयी शंका घेण्याचे कारण काय, असे कोणासही वाटेल. स्त्रीपूजेचे माहात्म्य सांगणारे मनुस्मृतीतील ते प्रसिद्ध वचन तर प्रत्येक व्यासपीठावरून आपण ऐकत आलो आहोत.

तथापि पूजा आणि सन्मान या दोन गोष्टी एकच आहेत काय? देवी बोलत नाही, आपले गाऱ्हाणे ऐकून घेते. घरातील स्त्री बोलते, क्वचित प्रश्नही विचारते. तिने प्रश्न विचारल्यानंतर आपण काय करतो, ही सन्मानाची खरी कसोटी असावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ही कसोटी त्याला कोणा पंडिताने शिकवली नाही. ती त्याला, काहीशी अनपेक्षितपणे, दूरदर्शनच्या पडद्यावरील पुराणकथेने आणि त्या कथेसमोर उभ्या राहिलेल्या स्वतःच्या आईने शिकवली.

रविवारची ती सकाळ

२५ जानेवारी १९८७ या दिवशी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत ते चालले. त्यापाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले; ते २४ जून १९९० रोजी संपले. त्या साडेतीन वर्षांतील रविवारची सकाळ ज्यांनी अनुभवली, त्यांना तिचे वर्णन वेगळे सांगावयास नको. औरंगाबाद–जालना रस्त्यावरील वर्दळ त्या तासापुरती मंदावत असे. आमच्या आळीत दूरदर्शन संच एकाच घरी होता, तोही कृष्णधवल. मंडळी स्नान करून येत, पादत्राणे ओसरीखाली काढीत. संचाला हळदकुंकू वाहिले जाई, हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच वृद्ध माणसे जागच्या जागी हात जोडीत.

बैठकीची रचनाही ठरलेली असे. पुढे पुरुष, त्यांच्या पुढ्यात आम्ही मुले आणि मागे, माजघराच्या उंबऱ्याशी, स्त्रिया. त्यांतील निम्म्या अर्ध्या कथेतून उठून जात, कारण चुलीवर काहीतरी चढवलेले असे. सीतेचे दुःख त्यांनी पाहिले त्यापेक्षा अधिक ऐकले.

‘महाभारता’ची वर्षे आली तोवर आमच्या घरीही संच आला होता. द्यूतसभेचा भाग ज्या रविवारी लागला, त्या दिवशीचे दृश्य आजही डोळ्यांसमोर आहे. आई स्वयंपाकघरात भाकरी थापीत होती. पडद्यावर द्रौपदी भर सभेत प्रत्येक वडीलधाऱ्यासमोर जाऊन आपला प्रश्न मांडीत होती आणि एकेकाची मान खाली जात होती. केव्हातरी आई पिठाने माखलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग कोणाकडेही न पाहता म्हणाली, “एवढी सगळी जाणती माणसं बसलीत, अन् एकालाबी उत्तर देता येईना?”

वडिलांनी पडद्यावरची दृष्टी न हलवता सांगितले, “भाकर करपतीय, तिकडं बघ.”

आई आत गेली. आम्ही मुले हसलो. त्या हसण्याचा अर्थ उमगण्यास मला पुढे तीस वर्षे लागली.

पोथी, जाते आणि रंगभूमी

दूरदर्शनपूर्वी या कथा घरात येत नव्हत्या असे मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरांनी रचलेले ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ चातुर्मासात घरोघरी वाचले जात. पैठणच्या नाथमहाराजांचे ‘भावार्थ रामायण’ तर या गोदातीरीचेच धन होय. परंतु पोथी वाचणारा बहुधा पुरुष असे; स्त्रियांकडे श्रवणाचा वाटा येई. त्यांनी आपले रामायण निराळ्या ठिकाणी रचले, ते जात्यावर. पहाटेच्या दळणासोबत म्हटल्या गेलेल्या ओव्यांत रामाच्या पराक्रमापेक्षा सीतेच्या वनवासाला अधिक जागा मिळाली. जात्यावरची सीता रावणवधानंतरही रानात एकटीच राही. सासुरवाशिणीने स्वतःचे दुःख सीतेच्या नावाने बोलून घेतले, कारण स्वतःच्या नावाने बोलण्याची सोय नव्हती.

रंगभूमीची आणि चित्रपटाची कथाही विचार करण्याजोगी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. ती भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंके यांनी केल्या. पतिव्रतेचा आदर्श साऱ्या समाजाला प्रिय होता, पण तो साकारण्यासाठी घरंदाज स्त्रीने लोकांपुढे उभे राहावे, हे त्याच समाजाला मान्य नव्हते. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये भूमिका करून ती कोंडी फोडली.

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. विराटाच्या दरबारात अपमानित होणाऱ्या सैरंध्रीच्या रूपात प्रेक्षकांनी परवश भारतमाता पाहिली, कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. पुराणकथा हा समाजाचा आरसा असतो, हे सत्ताधाऱ्यांना कळले होते. एवढेच की, सैरंध्रीचा अपमान हा देशाचा अपमान म्हणून ज्यांच्या डोळ्यांत अंगार पेटला, त्यांपैकी किती जणांनी घरी परतल्यावर माजघरातील सैरंध्रीकडे पाहिले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

सीतेचा अग्नी आणि पडद्यावरील अवघडलेपण

दूरदर्शनवरील ‘रामायणा’त दीपिका चिखलिया यांनी सीता साकारली. कौसल्येच्या भूमिकेत मराठी माणसांच्या परिचयाच्या जयश्री गडकर होत्या, तर दशरथ होते त्यांचे पती बाळ धुरी. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या तमाशापटातून घरोघरी पोहोचलेल्या या अभिनेत्रीला प्रभू रामचंद्रांची माता म्हणून वंदन करताना आमच्या आळीतील एकाही वृद्धेला काही वावगे वाटले नाही. पात्राला मान देताना आपला समाज फार उदार असतो.

या मालिकेतील एक गोष्ट मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. अग्निपरीक्षेचा प्रसंग आला, तेव्हा निर्मात्यांनी तुलसीदासांच्या परंपरेतील छायासीतेचा आधार घेतला. खरी सीता आधीच अग्नीच्या स्वाधीन होती आणि तिला परत मिळवण्यासाठीच हे दिव्य घडले, असा तो उलगडा होता. पुढे ‘उत्तर रामायणा’त सीतात्यागाचा प्रसंग आला, तेव्हाही राजधर्मासाठी सीता स्वतःच वनात जाण्याचा निश्चय करते, असे दाखवण्यात आले.

असे का करावे लागले? विसाव्या शतकाच्या अखेरीस देशातील कोट्यवधी घरांत जे रामचंद्र पूजिले जात होते, त्यांनी निरपराध पत्नीची परीक्षा घ्यावी, तिला न विचारता रानात पाठवावे, हे पाहणे भाविकांना सोसवणार नव्हते. यात श्रद्धेला उणेपणा नाही. उलट श्रद्धेची सूक्ष्म संवेदना आहे. आपल्या दैवताकडून स्त्रीवर अन्याय होऊ नये, अशी तळमळ भाविकांच्याच मनात होती. जात्यावर बसलेल्या बायका शतकानुशतके जे म्हणत आल्या, ते अखेर पडद्यालाही निराळ्या रीतीने मान्य करावे लागले.

तरीही एक उणीव राहिली. वाल्मीकींची सीता ही केवळ सोसणारी नाही. अरण्यकांडात ती श्रीरामांना निर्भयपणे सांगते की, वैर नसताना शस्त्र उगारणे योग्य नव्हे, आणि आपले म्हणणे पटवण्यासाठी हाती खड्ग आल्यामुळे बिघडलेल्या एका तपस्व्याची कथाही ऐकवते. अशोकवनात ती रावणाशी बोलताना मध्ये गवताची काडी ठेवते. हनुमंत पाठीवरून नेण्यास सिद्ध असता ती नकार देते. आणि पुन्हा शुद्धता सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा ती परतण्यासाठी दिव्य करीत नाही, तर धरणीमातेला साद घालून तिच्या उदरात निघून जाते. बोलणारी, विचारणारी, नकार देणारी ही सीता आपल्या आदर्शांच्या यादीतून कशी कोण जाणे, गळून पडली. आपण मुलींना सीतेचे सोसणे शिकवले, सीतेचे बोलणे शिकवले नाही.

सभेत अडलेला प्रश्न

‘महाभारता’त हे बोलणे झाकणे कोणालाही शक्य नव्हते. रूपा गांगुली यांनी साकारलेली द्रौपदी सभेत आली आणि घरोघरीच्या बैठकीतील हालचाल थांबली. सभापर्वातील तो प्रसंग मूळ ग्रंथातही विलक्षण आहे. तिला न्यायला आलेल्या सेवकाला ती परत पाठवते. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला, एवढेच विचारून येण्यास ती सांगते. जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? हा आक्रोश नव्हता. हा न्यायाचा प्रश्न होता. ज्या स्त्रीची वस्तू करण्यात आली होती, तिने विचारले की मला वस्तू ठरवण्याचा अधिकार कोणाला होता.

पितामह भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळले. विदुराने सभेला सावध केले, पण त्याचे कोणी ऐकले नाही. स्पष्टपणे बोलला तो धृतराष्ट्राचाच एक पुत्र विकर्ण. ती जिंकली गेलेली नाही, असे त्याने सांगितले आणि कर्णाने त्याला पोरवयाचा म्हणून गप्प बसवले. वयाने, ज्ञानाने, पराक्रमाने मोठे असलेले सारे मौन राहिले आणि बोलला तो एक लहान.

इरावती कर्वे यांनी साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘युगान्त’मध्ये या प्रश्नाची निर्दय चिकित्सा केली आहे. द्रौपदीने हा प्रश्न विचारणे हीच तिची चूक होती आणि उत्तर कोणतेही मिळाले असते तरी ते तिच्या दृष्टीने भयंकरच ठरले असते, असे त्यांचे मत. या विदुषीचा अधिकार मोठा आहे; तथापि नम्रपणे असे म्हणावेसे वाटते की, ज्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर विचारणारीलाच घातक ठरते, तो प्रश्न चुकीचा नसून ती सभा चुकीची असते. त्या सभेचा पुढे कुरुक्षेत्रावर जो अंत झाला, तो आपण जाणतोच.

या कथेचा उत्तरार्ध आपण फारसा आठवत नाही. भयभीत धृतराष्ट्राने तिला वर मागण्यास सांगितले. पहिल्या वराने तिने युधिष्ठिराचे दास्य दूर केले, कारण आपल्या पुत्राला कोणी दासपुत्र म्हणू नये. दुसऱ्या वराने उरलेल्या चौघांना, त्यांच्या रथांसह आणि शस्त्रांसह, मुक्त केले. तिसरा वर देऊ केला असता तिने तो नाकारला. भर सभेत विटंबना झालेल्या त्या स्त्रीला आपल्याला नेमके काय हवे आणि किती हवे, हे पक्के ठाऊक होते. तिला दया नको होती.

पडदा एकीकडे, घर एकीकडे

ज्या १९८८ साली ‘महाभारता’चे प्रक्षेपण सुरू झाले, त्याच वर्षी महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडली. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगावर नियंत्रण आणणारा कायदा करणारे आपले राज्य देशातील पहिले ठरले. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये झाला. हा कायदा भूषणावह खराच, पण त्याची आवश्यकता का भासली, हे ध्यानात घेतले म्हणजे मान खाली जाते. शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४.

याचा दोष मालिकांना देणे अन्यायाचे होईल. परंतु याच दशकांत सीतेच्या अश्रूंनी आमचे डोळे भरून येत होते, द्रौपदीच्या विटंबनेने आमचे रक्त तापत होते आणि अष्टमीला कुमारिकांचे पाय धुऊन आम्ही त्यांना भोजन घालीत होतो. पूजेसाठी कुमारिका हवी, मात्र ती शेजारच्या घरात जन्मलेली असावी, असा हा हिशेब होता. पडद्यावरील स्त्रीला दिलेला मान घरातील स्त्रीपर्यंत पोहोचतोच असे नाही, हे या आकड्यांनी आपल्याला बजावले आहे.

नंतरच्या मालिकांत मात्र स्त्रीपात्रांचा आवाज वाढत गेला, हेही नमूद केले पाहिजे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जय मल्हार’मध्ये म्हाळसा आणि बाणाई यांना खंडेरायाइतकेच महत्त्व मिळाले, आणि २०१५ च्या ‘सिया के राम’ने रामकथा सीतेच्या दृष्टीने सांगण्याचा प्रयत्न केला. पडदा पुढे सरकला. प्रश्न उरला तो घराचा.

सीतेच्या नावे जमीन

सीता या शब्दाचा अर्थ नांगराने जमिनीत पडलेली रेघ, म्हणजे आपल्या बोलीतील तास. जनकाला ती जमीन नांगरताना मिळाली आणि अखेर ती जमिनीतच परतली. मातीतून आलेल्या या कन्येच्या नावावर मात्र कोठेही माती नव्हती. पतीने घर नाकारताच तिला आश्रमाचा आसरा घ्यावा लागला.

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तेथे सीतेचे मंदिर आहे आणि त्यात श्रीरामांची मूर्ती नाही. त्यक्त सीतेने येथेच लव-कुशांना जन्म दिला, अशी तेथील लोकश्रद्धा आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या कथेचे मर्म ओळखले. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवड येथे शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवल्यानंतर त्यांनी लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन उभे केले. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव म्हणून गौरवले जावे, अशी ती कल्पना होती. सीतेवर आली ती वेळ आपल्या घरच्या लक्ष्मीवर येऊ नये, हे आवाहन त्यांनी सभासभांतून केले. अनेक शेतकऱ्यांनी ते ऐकले. रावेरीच्या मंदिराचा जीर्णोद्धारही संघटनेच्या पुढाकाराने झाला.

कायद्यानेही पाऊल टाकले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने, आणि २००५ मध्ये केंद्राने साऱ्या देशासाठी, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क आणखी निःसंदिग्ध केला. परंतु आपल्याकडे कायद्याच्या शेजारी एक रूढी नांदते. तिचे नाव हक्कसोडपत्र. वडील गेले की बहिणींना बोलावले जाते, त्या साडीचोळी घेऊन येतात-जातात आणि मध्ये कोठेतरी एका कागदावर सही करतात.

ती एक सही

आता प्रस्तुत लेखकाला स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे. २०११ मध्ये आमचे वडील निवर्तले. आई त्यापूर्वीच गेली होती. पुढच्या वर्षी आम्ही दोघा भावांनी थोरल्या बहिणीला, अक्काला, बोलावून घेतले. कागद तयारच होते. कचेरीत तिला कोठे सही करावयाची ते दाखवले. तिने पदर सावरला, सही केली, अंगठा उमटवला आणि दुपारच्या गाडीने सासरी गेली. बदनापूरच्या फलाटावर तिला निरोप देताना पुढच्या दिवाळीला लवकर ये, असे मी आग्रहाने म्हटल्याचे मला आठवते. तुला काय वाटते, असे विचारल्याचे मात्र आठवत नाही, कारण ते मी विचारलेच नाही.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवण्यास आरंभ केला. बाहेर जाणे बंद होते. आम्ही सारे कुटुंब एकत्र बसून पाहू लागलो. द्यूतसभेचा भाग आला. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. भीष्मांनी मान खाली घातलेली पाहून तिने मला विचारले, “बाबा, हे इतके चांगले आहेत, मग गप्प का बसले?”

मी तिला सूक्ष्म धर्माविषयी काहीबाही सांगू लागलो आणि बोलता बोलता थांबलो. पिठाने माखलेले हात घेऊन दारात उभी असलेली आई मला दिसली. तिने सभेविषयी विचारले होते. आम्ही तिला भाकरीची आठवण दिली होती. आणि कचेरीत सही करून घेताना ज्ञानाने आणि वयाने मोठे असलेले आम्ही सारेच पुरुष होतो.

अक्काला दूरध्वनी करण्यास मला त्यानंतरही चार दिवस लागले. ती सही घेण्यापूर्वी तुला विचारावयास हवे होते, असे मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “आता विचारतोस, तर उत्तर ऐकून घेशील का?”

मी होय म्हणालो. तिने आढेवेढे घेतले नाहीत. विहिरीच्या वरच्या अंगाचा तुकडा तिला हवा होता. लहानपणी तिनेच तेथील दगडगोटे वेचले होते आणि आई घटाची माती नेहमी तेथूनच नेत असे. बाकी काही नको, असेही तिने सांगितले. मला द्रौपदीचे ते दोनच वर आठवले.

नोंदलेले हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून माझ्या वाट्यातील तो एक एकर मी बक्षीसपत्राने तिच्या नावे केला. धाकटा भाऊ अद्याप विचार करीत आहे. गावातील काहींनी मला वेड्यात काढले, तर दोघातिघांनी एकान्तात गाठून कागदपत्रे कशी केली, ते विचारून घेतले. यात माझे कौतुक व्हावे असे काही नाही. जे आठ वर्षांपूर्वी तिला सहज मिळावयास हवे होते, त्यातील केवळ एक अंश परत गेला आहे.

वाचकहो,

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले तुरीचे वाण देशात बी. डी. एन. या आपल्या गावाच्या आद्याक्षरांनी ओळखले जातात. बियाण्याला गावाचे नाव मिळाले. त्या तुरीला खुरपणाऱ्या, ती कापणाऱ्या, बडवणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर किती ठिकाणी आहे, हे आपापल्या घरचा उतारा काढून प्रत्येकाने पाहावे.

या नवरात्रात देवीसमोर नंदादीप लावताना एवढे एक करून पाहण्यासारखे आहे. घरातील सासूला, पत्नीला, सुनेला, लेकीला, माहेरी आलेल्या बहिणीला काही विचारावे आणि तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. तिने उलट प्रश्न केला, तर धर्म सूक्ष्म आहे असे सांगून तो टाळू नये. पडद्यावर पुराणकथा चालू असेल, तर एखाद्या दिवशी भाकरी आपण पाहाव्यात आणि तिला पुढच्या रांगेत निवांत बसू द्यावे. ती त्या कथेविषयी जे बोलेल, ते कीर्तनाइतकेच ऐकण्याजोगे असेल.

बक्षीसपत्रानंतरच्या पहिल्याच प्रतिपदेला अक्का सकाळच्या गाडीने बदनापूरला आली. आम्ही दोघे वावरात गेलो. विहिरीच्या वरच्या अंगाला वाकून तिने दुरडीत माती भरली. एक दुरडी आमच्या घटासाठी दिली आणि दुसरी फडक्यात बांधून तिच्या सासरच्या घटासाठी नेली. दर वर्षी ती तसेच करते.

आदिशक्ती मत्स्योदरी सर्वांच्या घरी सुखाने नांदो, आणि तिच्या लेकींना मागावे लागण्याआधीच विचारण्याची बुद्धी आम्हा पुरुषांना देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.